भीड भिकेची बहीण: पैसा साठवायचाय तर आधी डोक्यातला गुंता सोडवा

माझी आजी एक म्हण सारखी वापरायची, "भीड भिकेची बहीण". आम्ही लालबागला वाढलो, आजूबाजूला हिंदी भरपूर, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं भीड म्हणजे ती दादर स्टेशनवरची भीड, आणि गर्दीचा नि भिकेचा काय संबंध ते काही केल्या कळायचं नाही. अर्थ कळला तो चौतिसाव्या वर्षी. नात्यातले एक काका भर उन्हातून घरी आले, मी चहा ठेवला, आणि चहा उतू जाईपर्यंत मी तिसऱ्या पॉलिसीवर सही करून मोकळी झाले होते. वर्षाला ३६ हजार, २० वर्षं. का केली सही? तर ते घामाघूम झाले होते, एवढ्या लांबून आले होते, नाही कसं म्हणायचं. बास, एवढंच कारण.

आणि मी काम काय करते, तर फोर्टला एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. दुसऱ्यांच्या हिशोबात एक रुपयाचा फरक आला तर ८.१० ची लोकल सोडते पण फरक शोधते. म्हणजे गणित येत नव्हतं अशातला भाग नाही, गणित येऊनही सही केली.

तेव्हापासून मी हे नीट बघायला लागले की पैशाचे निर्णय आपण डोक्याने घेतो असं नुसतं वाटतं, प्रत्यक्षात ते कुठल्या तरी भावनेने आधीच घेतलेले असतात आणि डोकं नंतर कारणं जुळवतं. हाव आणि भीती यावर सगळेच बोलतात. माझ्या मते आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांचा सगळ्यात जास्त पैसा भिडेपोटी जातो, आणि त्यावर कोणी बोलत नाही कारण बोलायचीही भीडच वाटते.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट. "श्रीमंतीचा विचार करा, पैसा आपोआप तुमच्याकडे येईल" टाइपचं मी काही सांगणार नाहीये. सकाळी आरशासमोर मी करोडपती आहे असं म्हणून कोणाचा ईएमआय कमी झालेला मी तरी पाहिला नाही. आणि ज्याचा पगारच १५ हजार आहे, त्यातले ६ हजार खोलीच्या भाड्याला जातात आणि घरात एक आजारपण आहे, त्याला मानसिकता बदला म्हणणं हा निव्वळ आगाऊपणा आहे. हे त्यांच्यासाठी आहे ज्यांच्या हातात महिनाअखेर दोन पैसे राहायला हवेत पण राहत नाहीत, आणि का राहत नाहीत ते कळत नाही.

पहिला महिना काही बदलू नका, नुसतं लिहा

खर्चाची वही बहुतेकांनी कधी ना कधी सुरू करून सोडलेली असते. यात फक्त एक कॉलम जास्त टाकायचा. रक्कम, कशावर, आणि त्या क्षणी मनात काय होतं. एकच शब्द. कंटाळा, भूक, राग, हौस, भीड, भीती, गरज. मी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज करायचे, भांडुपला उतरेपर्यंत दिवसाचं लिहून व्हायचं. यूपीआयने देताना हाताला काही कळतच नाही हो, शंभराची नोट मोडताना जे जरासं टोचायचं ते गेलंय, म्हणून हे लिहिणं जास्त गरजेचं झालंय.

माझ्या पहिल्या महिन्यात मला वाटलं होतं हौस जास्त निघेल, साड्या वगैरे. निघाली भीड. ऑफिसात कोणाच्या तरी निरोप समारंभाची वर्गणी (त्याच्याशी मी कधी बोललेही नव्हते), मैत्रिणींबरोबर जेवायला गेल्यावर मी फक्त सूप घेतलं आणि बिल सारखं वाटून भरलं, चुलत नणंदेच्या मुलाच्या मुंजीत "आपलं पाकीट हलकं दिसायला नको" म्हणून आधी ठरवलेल्या रकमेच्या दुप्पट, सोसायटीतल्या एकीकडून न लागणारे डबे. सगळं मिळून ६,४०० रुपये, एका महिन्यात. आणि मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत होते की एसआयपी (दर महिन्याला खात्यातून आपोआप म्युच्युअल फंडात जाणारी ठरलेली रक्कम) वाढवायला पैसे नाहीत.

रोजचा वडापाव किंवा कटिंग बंद करून कोणी श्रीमंत होत नाही हेही त्याच वहीत दिसलं, तेव्हा त्याच्या मागे लागू नका. खाऊन घ्या.

नाही म्हणायची वाक्यं आधीच तयार ठेवा

भीड ही त्या क्षणाची गोष्ट असते. समोरचा माणूस बसलाय, पेन पुढे केलंय, त्या वेळी तुम्हाला योग्य शब्द सुचणारच नाहीत. म्हणून शब्द आधी घडवून ठेवायचे, गणपतीची आरती पाठ असते तसे पाठ. माझी दोन आहेत. एक, "मी घरी विचारल्याशिवाय कुठेच सही करत नाही", हे अविवाहितांनाही चालतं, घरी कोण आहे ते कोणी विचारत नाही. दुसरं, "आमच्याकडे ठरलंय, विमा वेगळा आणि गुंतवणूक वेगळी". या दुसऱ्यावर वाद होतो, होऊ द्या. आपण वाद घालायचा नाही, तेच वाक्य परत म्हणायचं. तिसऱ्यांदा म्हटलं की समोरचा चहा पितो आणि जातो.

आणि तीन प्रश्न, कोणी काहीही विकायला आलं तरी: यातले पैसे मला कधी काढता येतील, मध्येच सोडलं तर हातात किती येतील, आणि यात तुम्हाला किती मिळणार. तिसरा प्रश्न विचारताना आपल्याला लाज वाटते. खरं तर काय लाज आहे त्यात, मासे घेताना आपण कोळणीला कल्ला उचलून दाखव म्हणतोच ना.

सही होऊन गेली असेल तर? आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवस फ्री लुकचे असतात, तेवढ्यात परत करता येते, किरकोळ काही कापून हप्ता परत मिळतो. ती मुदत गेली असेल आणि काही वर्षं भरून झाली असतील तर सरेंडर करण्याआधी, म्हणजे पॉलिसी मोडून पैसे काढण्याआधी, पेड-अप हा पर्याय विचारा, म्हणजे पुढचे हप्ते बंद, आधी भरलेल्याच्या हिशोबात कमी झालेली रक्कम मुदतीनंतर मिळते. माझी ती तिसरी मी तशीच केली. काका दोन दिवाळ्या फराळाला आले नाहीत. तिसऱ्या दिवाळीला आले.

भीती कुठून आलीये ते बघा

माझे बाबा गिरणीत होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप कधी रीतसर मिटला असं झालंच नाही. मी तीन वर्षांची होते, मला संप आठवत नाही, मला त्यानंतरचा गव्हाचा डबा आठवतो. डब्यात खाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नोटा, वर गहू. बाबा नंतर एका दुकानात लागले, चार पैसे मिळायला लागले, पण ते शेवटपर्यंत म्हणायचे पैसा डोळ्यासमोर पाहिजे. शेअर वगैरे शब्द काढला की ते उठून गॅलरीत जायचे.

आणि मी? मी शिकलेली, कॉमर्सवाली, तरी २०१४ पर्यंत माझे जवळजवळ सगळे पैसे साध्या सेव्हिंग खात्यात पडून होते. गव्हाचा डबाच तो, फक्त त्याला एटीएम कार्ड होतं. महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत वस्तूंचे भाव दुप्पट होतात (७२ ला ६ ने भागा, सोपं आहे), म्हणजे डब्यातला पैसा दिसायला तेवढाच राहतो पण त्यात गहू निम्मेच येतात.

अशी भीती समजावून जात नाही, हे मी स्वतःवरून सांगते. ती जाते ती समोर रोकड दिसली की. म्हणून ज्यांना गुंतवणुकीची धडकी भरते त्यांनी आधी गुंतवणूक करूच नये, आधी सहा महिन्यांचा घरखर्च एफडीत ठेवावा, त्याला नाव द्यावं. मी पासबुकावर पेन्सिलने "संप" लिहिलंय. एका बँकेत व्याजासकट ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, त्यामुळे रक्कम मोठी असेल तर दोन बँकांत विभागावी. हा डबा भरला ना, की मग उरलेल्या पैशाबद्दल माणूस वेगळाच विचार करायला लागतो, मी अक्षरशः दीड महिन्यात पहिली एसआयपी टाकली.

त्या एसआयपीचं एकच सांगते, तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवशीची ठेवा. माझा पगार १ ला, कापलं जातं २ ला. महिनाअखेर उरेल ते टाकू म्हणणाऱ्याकडे उरत नाही, कारण उरलेल्या पैशाची भीड आणि हौस दोघी वाट बघत असतात. आणि पगार वाढला की वाढीतला निम्मा भाग त्याच महिन्यात एसआयपीला जोडायचा, हातात यायच्या आत. रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी अमेरिकेतल्या नोकरदारांसाठी अशीच योजना आखली होती, आजच्या पगाराला हात लावायचा नाही, पुढच्या वाढीतून बचत वाढवायची. जे अजून हातात आलंच नाही ते गेल्याचं दुःख होत नाही, इतकं साधं आहे.

आकडा हवाच असेल तर महिना ५ हजार, १० टक्के परतावा धरला (हमी नाही, धरला) तर १० वर्षांत साधारण १० लाख, २० वर्षांत ३८ लाख, ३० वर्षांत १ कोटी १३ लाख. शेवटच्या दहा वर्षांत काय होतं ते बघा आणि मग ठरवा "पुढच्या वर्षी सुरू करू" कितीला पडतं.

पडत्या बाजारात हाताला काम द्या

आता माझी मोठी चूक. २३ मार्च २०२०, सोमवार. सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी पडला आणि २५,९८१ वर बंद झाला. लोकल बंद, ऑफिस बंद, मी किचनच्या ओट्याला टेकून फोन बघतेय, सगळं लाल. पाच वर्षांत ३ लाख ४० हजार भरले होते. कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत मी त्यातले बरेचसे काढायची रिक्वेस्ट टाकली आणि एसआयपी बंद केली. आणि सांगू का, टाकल्यावर इतकं हलकं वाटलं! तीच तर गंमत आहे, चुकीचा निर्णय घेतल्यावर छातीवरचा दगड उतरतो म्हणून तो बरोबर वाटतो.

२१ जानेवारी २०२१ ला सेन्सेक्सने ५०,००० ला हात लावला. मी फेब्रुवारीत परत आत शिरले, जवळजवळ दुप्पट भावाने.

डॅनिएल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडून ठेवलंय की जेवढी रक्कम मिळाल्याचा आनंद होतो, त्यापेक्षा तेवढीच गेल्याचं दुःख आपल्याला बरंच जास्त होतं. म्हणजे माझं डोकं बिघडलेलं नव्हतं, ते सगळ्यांसारखंच होतं. पण माहीत असून उपयोग नाही, त्या दिवशी काय करायचं ते आधी ठरलेलं पाहिजे.

म्हणून आता माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, माझ्याच अक्षरात, बाजार शांत असताना लिहिलेला. "हे पैसे २०३५ च्या आधी लागणार नाहीत. संप नावाची एफडी वेगळी आहे. बाजार २० टक्के पडला तर काढायचं नाही, आधी नवऱ्याला सांगायचं, मग दोन रात्री झोपायचं, मग बघू." खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. ॲपची नोटिफिकेशन बंद आणि पोर्टफोलिओ फक्त तीन महिन्यांनी एकदा बघायचा, रोज बघितलं तर रोज काहीतरी करावंसं वाटतं. नंतरच्या पडझडींत हाताला काम म्हणून मी कपाट उघडून तो कागद वाचते आणि मग बेसनाचे लाडू करते, बेसन भाजायला पाऊण तास लागतो, तेवढ्यात जीव खाली बसतो. हसू नका.

शेजाऱ्याचा पैसा

माझ्या दिराने ऑप्शन्समध्ये (शेअरचा भाव पुढे वर जाईल की खाली यावर लावलेली पैजच म्हणा) ४ लाख घालवले. त्यातले पहिले ११ हजार त्याने कमावले होते, तेच नडले. ट्रेनमधल्या ग्रुपमधला एक जण रोज नफ्याचे स्क्रीनशॉट दाखवायचा, आणि आपण एवढे शिकलेले, आपल्याला का जमू नये. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला हिशोब आहे, तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या किरकोळ लोकांपैकी १०० तले ९३ तोट्यात, मिळून १.८ लाख कोटींच्या वर. हा आकडा मी त्याला आधी दाखवला असता तरी त्याने ऐकलं नसतं, प्रत्येकाला आपण उरलेल्या ७ मधले वाटतो.

पण मला खरी हळहळ वाटली ती नंतरच्याची. त्याने आठ महिने बायकोला सांगितलं नाही. लाज. आणि ती लाज झाकायला पर्सनल लोन, मग क्रेडिट कार्डचं मिनिमम भरणं, जिथे महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ होतात. मूळ खड्ड्याएवढाच दुसरा खड्डा त्या आठ महिन्यांत पडला. तोटा झाला तर त्याच दिवशी घरात एका माणसाला सांगा, शिव्या खा, पण सांगा. त्यात वाचलेला पैसा खरा असतो.

जानेवारी २०२५ मध्ये दादरला एका दागिन्यांच्या शोरूमबाहेर गुंतवणूकदारांची गर्दी जमली होती ते आठवत असेल, दर आठवड्याला टक्क्यांत व्याज मिळणार म्हणून लोकांनी पैसे घातले होते, त्यात भाजी विकणारेही होते. त्यांना मूर्ख म्हणू नका. बाजूच्या गाळेवाल्याला सुरुवातीचे हप्ते खरंच मिळताना त्यांनी डोळ्यांनी बघितले होते. म्हणून माझा नियम असा की ओळखीच्या माणसाला पैसे मिळाले हा पुरावा धरायचा नाही. सेबीच्या वेबसाइटवर नोंदणी सापडते का बघायचं, आणि सापडली तरी तीन दिवस थांबायचं. "आजच शेवटचा दिवस" म्हणाला की आपल्यासाठी तो कालच होऊन गेला.

गाडी, फ्लॅट, मुलांची शाळा यातली तुलना, त्यावर काय बोलणार, सगळ्यांना माहीत आहे. एवढंच करा की ज्याचा हेवा वाटतो त्याचा ईएमआय मनातल्या मनात विचारा.

पगार मागा

खर्च कापायला खालून मर्यादा असते, भाडं, किराणा, फी याच्या खाली तुम्ही जाऊ शकत नाही. वरच्या बाजूने मात्र आपण जोरच लावत नाही. आमच्या घरात मागणं म्हणजे हात पसरणं असं होतं, म्हणून मी एका ठिकाणी सहा वर्षं साहेबांच्या लक्षात येईल याची वाट बघितली. साहेबांच्या लक्षात काही येत नाही, त्यांना त्यांचा ईएमआय असतो.

शेवटी लेडीज डब्यात शेजारी बसणाऱ्या बाईंनी माझी तयारी करून घेतली. भांडुप ते सीएसएमटी रोज त्या साहेब व्हायच्या आणि मी मागायचे. पहिल्या दिवशी मी सुरुवातच "सॉरी सर" अशी केली, त्या म्हणाल्या, अगं तू चोरी केलीयेस का. वर्षभरात काय काय केलं त्याची एक पानाची यादी, एक आकडा, आणि आकडा सांगितल्यावर गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे, आपण लगेच "नाही म्हणजे जमत असेल तर" जोडतो. मला मागितलं त्याच्या दोन तृतीयांश मिळालं, आणि त्यातलं निम्मं २ तारखेला एसआयपीला गेलं.

घरात बोला, रविवारी, वीस मिनिटं

महिन्यातून एकदा, चहाबरोबर, टीव्ही बंद करून. काय आलं, काय गेलं, भिडेचा कॉलम किती झाला, कुठल्या खात्यावर नॉमिनी नाही. नॉमिनी बघाच, आणि घरात कोणी गेलेलं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर त्यांच्या नावाने विसरलेली ठेव आहे का तेही शोधा. पहिल्या दोन वेळा भांडण होतं, आमच्याकडे माझ्या साड्यांवरून आणि त्याच्या बाईकवरून झालं, तिसऱ्यांदा कंटाळून लोक कामाचं बोलतात. मुलांना बसू द्या.

आमच्या या बैठकीत आईपण बसते. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडे असते, आयुष्यभर चाळीतली भिशी तिने चालवली, एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही, पण बँकेत गेली की "साहेब सांगतील तसं". म्हणून विकायला येणाऱ्याला विचारायचे ते तीन प्रश्न मी तिच्या पासबुकाच्या कव्हरमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवलेत. गेल्या श्रावणात तिची एफडी संपली म्हणून आम्ही गेलो, तिथला एक चुणचुणीत मुलगा तिला आत घेऊन गेला, पाणी दिलं, आजी म्हणाला, आणि रंगीत कागद पसरून सांगायला लागला की एफडीत काय ठेवलंय, हे दहा वर्षांचं बघा. आई ७४ वर्षांची आहे. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने पासबुकातून चिठ्ठी काढली, चष्मा लावला, पहिले दोन प्रश्न सोडून दिले आणि एकदम तिसरा विचारला, "बाळ, यात तुला किती मिळतात रे?"

तो मुलगा आधी माझ्याकडे बघायला लागला, मग तिच्याकडे. मग कागद गोळा करत हळूच म्हणाला, "आजी, तुम्ही एफडीच करा."

"बरं," आई म्हणाली, "आणि व्याज दर महिन्याला खात्यात पडेल असं कर." बाहेर आल्यावर रिक्षात बसताना मात्र मला म्हणते, बिचाऱ्याचं टार्गेट राहिलं असेल गं.